रानातलं काम आणि अंगातली उष्णता

मार्च-एप्रिलात वसमत-हिंगोलीच्या बाजूला गेलं की शेताशेतांत हळद शिजत असते. चुलाणात एक गडी सतत जळण सारत असतो. बाया वाफाळलेली हळद घमेल्यांनी उचलून वाळवणावर पसरत असतात, अंगात साडीवरून घातलेला पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, डोकं-तोंड रुमालानं गच्च बांधलेलं. वरून ऊन, समोर जाळ, पायाखाली तापलेली माती. ही तिन्ही सगळ्यांना जाणवतात. चौथी उष्णता काम करणाऱ्याच्या अंगातच तयार होत असते, आणि उन्हात काम करताना माणूस कोसळतो तो बऱ्याचदा तिच्यामुळे.

स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात त्यातला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा कामी येतो, बाकी सगळ्याची उष्णता होते. नुसता बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. खोदकाम, ऊसतोड, पोती उचलणं अशा कामांत हा आकडा ४०० वॅटच्या घरात जातो. ६० किलो वजनाच्या माणसाच्या अंगातून ही उष्णता बाहेर पडलीच नाही असं धरलं, तर दर नऊ-दहा मिनिटांना त्याचं तापमान एका अंशानं चढेल. ३७ वरून ४० वर जायला अर्धा तास पुरतो. लिंबाखाली बसलेल्या म्हाताऱ्याला जे ऊन सोसतं, त्याच उन्हात कुदळ मारणारा त्याचा धडधाकट पोरगा चक्कर येऊन पडतो, तो यामुळेच. शिवाय ‘परभणीचा पारा ४३ वर’ असं आपण बातमीत ऐकतो तो आकडा सावलीतला, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. उघड्या रानात उन्हाचा मारा त्यावर वेगळा.

ही उष्णता जाते कुठून? कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम झाली की वाऱ्यानं अंग निवत नाही, उलट तापतं. मग घाम हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वरच्या हिशोबातली मेहनतीची उष्णता काढायलाच तासाला अर्धा-पाऊण लिटर घाम लागतो. ऊन आणि झळा धरल्या तर लिटरभर सहज.

आपल्याकडं एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की घाम आला तसा वाळतो आणि माणसाला वाटतं, आज काही फारसा घाम आला नाही. संध्याकाळी शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग दिसतात तेव्हा खरा हिशोब कळतो. जूनच्या सुरुवातीला चित्र पालटतं. वळवाची एखादी सर येऊन जाते, पारा ३८ वर उतरतो, पेरणीची घाई सुरू होते. पण हवा दमट झालेली असते, घाम वाळत नाही, नुसता निथळतो. निथळून मातीत पडलेला घाम अंगाला थंडावा देत नाही. मला हे दिवस जास्त दगाबाज वाटतात, कारण ऊन उतरलं म्हणून माणूस निर्धास्त असतो.

‘आम्हाला सवय आहे’ हे उत्तर रानात हमखास मिळतं. सवय ही खरीच गोष्ट आहे. रोज थोडा वेळ उष्णतेत मेहनत केली की एक ते दोन आठवड्यांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. पण हीच सवय काही दिवसांच्या खंडानं उतरू लागते. तापातून उठलेला गडी, लग्नकार्याला जाऊन आलेला मजूर, पुण्याहून सुट्टीला आलेला कॉलेजचा पोरगा यांची गणना नवख्यांतच करायची. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा विभागाच्या माहितीनुसार उघड्यावर काम करताना उष्णतेनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त मृत्यू पहिल्या काही दिवसांतच होतात. तिथला नियम सोपा आहे: नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या २० टक्केच काम, मग रोज २० टक्क्यांची वाढ. आपल्या मुकादमांनी एवढं पाळलं तरी जीव वाचतील. अडचण मजुरीच्या पद्धतीत आहे. काम उक्तं असलं किंवा ऊसतोडीसारखं टनावर असलं, तर सावलीत बसलेला प्रत्येक क्षण मजुराच्या खिशातून जातो. विसाव्याचा वेळ मजुरीत धरल्याशिवाय कुणी विसावा घेणार नाही. हात थांबले की अंगातली उष्णता तयार होणं कमी होतं, म्हणून दर तासाला सावलीत दहा-पंधरा मिनिटं बसणं हा कामाचाच भाग समजायला हवा. अवजड काम सकाळी दहा-साडेदहाच्या आत उरकावं, हे तर सगळ्यांना माहीत आहेच.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावं, दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला. मात्र तासाला दीड लिटरच्या वर नको, नाहीतर रक्तातलं मीठ पातळ होतं. भाकरी, लोणचं, मीठ घातलेलं ताक पोटात जात असेल तर बहुतेकांचं मीठ भरून निघतं. फार घाम गेला तर ओआरएस घ्यावं. साखर आणि मीठ एकत्र आतड्यातून शोषलं जातं आणि पाण्यालाही सोबत ओढून नेतं, हे त्यामागचं शास्त्र. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मिश्रणावर असंख्य कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. खिशातला कांदा मात्र काही करत नाही.

बाया पाणी कमी पितात, कारण रानात लघवीला जायला आडोसा नसतो. ही साधी सोय कामाच्या ठिकाणी करून द्यायलाच हवी. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये मधुमेह-रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडं निकामी होत गेली. उन्हातली मेहनत आणि अंगातलं पाणी तुटणं हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. बीड जिल्ह्यातून कोयता घेऊन निघणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं, आणि अंगदुखीवर डायक्लोफिनॅकसारखी गोळी घेऊन उन्हात राबणं टाळावं. पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला इजा करते.

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, भोवळ इथपर्यंत सावली, पाणी आणि विश्रांती पुरते. बरळायला लागला, ओळख विसरला, पाय लटपटले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. ‘उष्माघातात घाम थांबतो’ यावर विसंबू नका. मेहनत करताना आलेल्या उष्माघातात अंग घामानं भिजलेलंही असू शकतं. १०८ ला फोन लावा आणि त्याच मिनिटाला अंग निववायला लागा. कपडे सैल करून विहिरीचं-बोअरचं पाणी भरपूर ओता, टॉवेलनं सपासप वारा घाला. शुद्धीत असेल तर मानेपर्यंत हौदात बसवा, डोकं धरून ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथं चालत नाही, कारण हा ताप मेंदूनं चढवलेला नसतो. गाडीत घातल्यावरही ओलं फडकं आणि वारा चालू ठेवा, आणि दवाखान्यात पोचल्यावर तो किती वेळ उन्हात होता, काय काम करत होता आणि कधीपासून बरळायला लागला, हे डॉक्टरांना सांगा.