मेलेल्याला वाट सांगणारे लोक

व्हिएतनामच्या वायव्येला, सोन ला आणि दिएन बिएनच्या डोंगरांत थाई लोकांची वस्ती आहे. हे थायलंडचे रहिवासी नव्हेत, भाषेच्या नात्यानं त्यांचे भाऊबंद. 2019 च्या जनगणनेत व्हिएतनाममधल्या थाईंची संख्या 18 लाखांवर भरली. त्यांच्यातल्या ‘काळ्या थाईं’नी, म्हणजे ताय दाम लोकांनी, बौद्ध धर्म घेतला नाही. त्यामुळे मरणाबद्दलच्या त्यांच्या जुन्या कल्पना बऱ्याच प्रमाणात टिकून राहिल्या.

आपण माणसात एक आत्मा मानतो. काळ्या थाईंच्या हिशेबानं ऐंशी असतात: तीस पुढच्या बाजूला, पन्नास पाठीमागे. त्यांना ‘खवन’ म्हणतात. कुणी आजारी पडलं, तर एखादा खवन भटकला असं समजून त्याला हाका मारून परत बोलावतात. माणूस गेला की हेच खवन ‘फी’, म्हणजे मृतात्मे, होतात आणि पांगतात. काही घरातल्या पूर्वजांच्या कोपऱ्यात मुक्काम करतात, काही स्मशानाच्या रानात राहतात, काही आभाळातल्या पूर्वजांच्या गावी जातात.

थाईंचाच दुसरा गट असलेले पांढरे थाई प्रेत पुरतात, काळे थाई दहन करतात. मग अस्थी सावडून त्या रानातच पुरतात आणि वर एक छोटं घर उभारतात. नवरा गेला की बायको डोक्यावरचा उंच अंबाडा सोडते. लग्नानंतर बांधलेला तो अंबाडा म्हणजे तिच्या सौभाग्याची खूण. सुतकात केस खाली, मानेवर येतात.

या सगळ्यात राबतो तो जावई. आपल्याकडे ज्याला पाटावर बसवून पंचपक्वान्नं वाढायची, तो तिथं सासऱ्याच्या अंत्यविधीचा कारभारी असतो. मृताला वाट सांगायची जबाबदारीही मुख्य जावयावर येते.

आणि ही वाट हाच माझ्या मते या विधीचा गाभा. आत्मा थेट वर जात नाही. आधी तो मुलखामागून मुलूख ओलांडत मुओंग लोला, म्हणजे आजच्या न्घिआ लोजवळच्या भातशेतीच्या खोऱ्यात पोचतो. तिथल्या नाम तोक तात नावाच्या पाण्यापासून आभाळाची वाट सुरू होते.

मुओंग लोच का? ‘क्वाम तो मुओंग’ या त्यांच्या बखरीत उत्तर आहे. पूर्वज प्रथम मुओंग लोला उतरले. तिथून लान चुओंग नावाचा सरदार पश्चिमेकडे मुलूख जिंकत थेट दिएन बिएनच्या खोऱ्यापर्यंत गेला. पूर्वज ज्या दिशेनं पसरत गेले, तिच्या उलट दिशेनं आत्मा माघारी चालतो. ही बखर परंपरेनं अंत्यविधीत वाचली जाते, म्हणजे प्रत्येक मरणाच्या वेळी स्थलांतराची उजळणी होते. अशा कथेतला प्रत्येक सरदार खरा मानायची गरज नाही. पण गावांची आणि खोऱ्यांची नावं नकाशावर सापडतात, आणि त्यांचा क्रम अभ्यासकांसाठी मोलाचा दुवा ठरतो.

1779 मध्ये सयामी फौजेनं काळ्या थाईंतल्याच काही लोकांना धरून थायलंडच्या फेत्चाबुरीकडे नेलं. ‘लाओ सोंग’ म्हणून ओळखले जाणारे त्यांचे वंशज तिथंच रुजले, पण मेल्यावर आपला आत्मा मुआंग थाएंगला, म्हणजे दिएन बिएनला परततो ही श्रद्धा त्यांनी जपली.

भारतातही या कुळातले लोक आहेत. 1228 मध्ये सुकाफा या राजपुत्राबरोबर पाटकाई डोंगर ओलांडून आसामात आलेले आहोम हे ताई वंशाचेच. चराइदेव इथली त्यांच्या राजांची मातीच्या टेकाडांखालची दफनस्थळं, ‘मोइदाम’, 2024 मध्ये जागतिक वारसा यादीत आली. आहोम आज बहुतांशी हिंदू आहेत, तरी 31 जानेवारीला पूर्वजांसाठी ‘मे-दाम-मे-फी’ करतात. त्यातला ‘फी’ तोच. आजाऱ्याचा जीव परत बोलावण्याच्या त्यांच्या विधीचं नाव ‘रिक-खवन’. आसामातल्या नामदांग नदीच्या नावातलं ‘नाम’ म्हणजे पाणी, आणि नाम तोक तातमधलं ‘नाम’ही तेच.