कोल्हापूरच्या लघुउद्योगांतली देवाणघेवाण : एक पार्श्वभूमी

कोल्हापूर परिसरात आज सुमारे ३०० फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने, आहेत. मोटारी, ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह यांची बिडाची कास्टिंग (ओतीव भाग) इथून देशभर आणि परदेशातही जातात. वास्तविक या जिल्ह्यात कोळसा नाही, पोलादाचा बडा कारखाना नाही आणि बंदर गाठायचे तर घाट उतरावा लागतो. पिग आयर्न (कच्चे लोखंड) आणि कोक (भट्टीचा कोळसा) बाहेरूनच आणायचे. तरीही ओतकाम इथे रुजले. माझ्या मते याचे मोठे कारण असे, की कोल्हापुरात एका कारागिराला उमगलेली गोष्ट शेजारच्या शेडमध्ये फार लवकर पोहोचायची. भांडवल पुढे आले. ही देवाणघेवाण त्याच्या आधीची आहे.

मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवून गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा दिली, १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी केली आणि नंतर भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. पाणी वाढले तसा ऊस वाढला आणि उसाबरोबर गुऱ्हाळे. गुऱ्हाळाला ऊस पिळायचा चरक हवा, नदीचे पाणी माळावर चढवायला इंजिन हवे. ही इंजिने आधी विलायतेहून येत. मोडलेला भाग तिकडून मागवायचा म्हणजे हंगाम हातचा जायचा. म्हणून शेतकरी इंजिन गाडीत घालून कोल्हापुरातल्या मेस्त्रीकडे आणायचा. मेस्त्री ते खोलायचा, तुटलेल्या भागाचा लाकडी पॅटर्न (नमुना) करायचा, वाळूत साचा घालून बीड ओतायचा. दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा माल थांबला तेव्हा हे काम आणखी वाढले. भाग करता करता अख्खे इंजिन इथेच तयार होऊ लागले. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार, रामभाई सामाणी ही नावे उद्यमनगरात, कोल्हापूरच्या लघुउद्योगांच्या वसाहतीत, आजही आदराने घेतली जातात, ती याच काळामुळे. शेजारी, औंध संस्थानात, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली होती. नांगर, चरक, पंप यांचा कारखाना इतक्या जवळ असल्याचा फायदा या सगळ्या पट्ट्याला झाला.

याच शहरात, याच हातांनी, एक वेगळी गोष्ट घडवली. बाबुराव पेंटर मूळचे मेस्त्री घराण्यातले. आनंदराव पेंटरांबरोबर त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. मग विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने बाबुरावांनी १९१८ च्या सुमारास तो पुरा केला. पुढे त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन १९२९ मध्ये त्यांनी प्रभात फिल्म कंपनी उभी केली. गुरूकडे शिकायचे आणि मग आपली पाटी लावायची, ही कोल्हापूरची रीत स्टुडिओत आणि लेथवर सारखीच होती.

उद्यमनगरात ती रीत रोजच्या व्यवहारात उतरली. सहकारी सोसायटीच्या आधाराने इथे लहान लहान शेड उभ्या राहिल्या. पूर्ण इंजिन एका छताखाली करण्याची ऐपत फार थोड्यांची होती. त्यामुळे पॅटर्न एकाकडे, ओतकाम दुसऱ्याकडे, टर्निंग तिसऱ्याकडे, गिअर कटिंग चौथ्याकडे असे काम गल्लीतून फिरे. या फिरण्यानेच शिक्षण होत असे. कास्टिंगमधला दोष वरून दिसत नाही. लेथवर वरची साल निघाली की ब्लो होल, म्हणजे अडकलेल्या वायूचे पोकळ छिद्र, उघडे पडते. टर्नर तो नग उचलून सरळ ओतणाऱ्याकडे जायचा. वाळूत ओल जास्त झाली का, वायूला बाहेर पडायला वाट ठेवली होती का, रायझर (आकसणाऱ्या धातूला जादा रस पुरवणारी पोकळी) चुकीच्या जागी बसला का, याचा निकाल तिथेच, साच्याशेजारी उभे राहून लागायचा. टूल जळू लागले की टर्नर सांगायचा, “बीड कडक लागतंय.” तेवढ्यावरून भंगाराचे प्रमाण बदलायचे. मोठ्या कारखान्यात हीच तक्रार दोन खात्यांमधून आणि चार सह्यांमधून जाते. इथे ती पायी जायची आणि त्याच दिवशी पोहोचायची. शिवाय हाताखालचा कारागीर स्वतःचे लेथ टाकायचा, तेव्हा त्याला पहिले जॉबवर्क अनेकदा जुना मालकच द्यायचा.

या देवाणघेवाणीला मर्यादाही होत्या आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दर आणि गिऱ्हाईक कोणी कोणाला सांगत नसे. एकाचे इंजिन चालले की बाकीचे तसेच काढत, मग स्पर्धा उरे फक्त किमतीची. नक्कल सोपी होती तिथे नवे काढण्याची ओढ कमी पडली. गावोगावी वीज पोहोचली, शेतकऱ्याने विजेवरचा पंप घेतला आणि ऑइल इंजिनची मागणी ओसरत गेली. त्या वेळी सगळ्यांचेच हात एकदम रिकामे व्हायची वेळ आली.

कोल्हापूर त्यातून सावरले ते पुण्याच्या वाहन उद्योगामुळे. इंजिन जाणणाऱ्या माणसाला इंजिनाचे सुटे भाग ओतायला नव्याने शिकावे लागत नाही. मात्र आता गिऱ्हाईक ड्रॉइंग घेऊन येऊ लागले. मापाची सूट मिलिमीटरच्या अंशात, धातूतला कार्बन आणि सिलिकॉन किती टक्के तेही लिहून. क्युपोलाच्या (बीड वितळवायच्या उभ्या भट्टीच्या) झोतावरून बीड ओळखणारी नजर मोलाची खरी, पण तिच्या भरवशावर कोणी चाचणीचा दाखला देत नाही. स्पेक्ट्रोमीटर (धातूतले घटक मोजणारे यंत्र), इंडक्शन फर्नेस (विजेवरची भट्टी), वाळूची प्रयोगशाळा हे सगळे लहान फाउंड्रीला एकट्याने झेपणारे नव्हते. गल्लीतल्या गप्पांना संस्थेचे रूप देण्याची गरज इथे खऱ्या अर्थाने निर्माण झाली. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा आणि भारतीय फाउंड्रीमन संस्थेची कोल्हापूर शाखा या उद्योजकांच्या संघटनांचे काम या पार्श्वभूमीवर पाहायला हवे.

शिरोलीतले फाउंड्री क्लस्टर, म्हणजे अनेक फाउंड्रींचे सामायिक केंद्र, हे त्याचे सर्वांत ठोस फळ. वापरलेली वाळू हे ओतकामाचे जुने दुखणे. रेझिनचा (वाळू बांधून ठेवणाऱ्या राळेचा) थर बसलेली वाळू टाकायची कुठे, आणि नवी आणायची कुठून? ती भाजून रेझिन जाळून टाकले की वाळू पुन्हा साच्यात वापरता येते. पण त्या संयंत्राला सतत पुरेसा माल लागतो, आणि एका फाउंड्रीची वाळू त्याला पुरत नाही. केंद्र सरकारच्या साहाय्याने सामायिक संयंत्र उभे राहिले, कारण एरवी एकमेकांच्या ऑर्डरवर डोळा ठेवणारे कारखानदार वाळूसाठी एकत्र बसले. मला हे साधे वाटत नाही. दर लपवणाऱ्या माणसांनी आपल्या भट्टीत काय बिघडते हे चारचौघांत बोलायला मोठा विश्वास लागतो.

इचलकरंजीचा प्रवास समांतर आहे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी तिथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी या धंद्याला आश्रय दिला. सायझिंग (सुताला खळ देणे), जॉबर (मागाची देखभाल करणारा), खर्चीवाले (मजुरीवर कापड विणून देणारे) यंत्रमागधारक अशी कामाची वाटणी तिथेही आहे. हुपरीत चांदीचे पैंजण घराघरांतून फिरत पुरे होतात.

कोल्हापुरी चपलेची गोष्ट मात्र अधिक दुखरी आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावणे, तळ कापणे, वेणी घालणे, टाके भरणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या चर्मकार समाजातल्या कुटुंबांनी वाटून घेतली. वेणीचे नाजूक काम बहुतेक बायकांच्या हातचे. कापशी, कुरुंदवाडी असे प्रकार गावांच्या नावाने ओळखले जातात. ज्ञान होते, ते वाटलेही जात होते. पण जातीच्या भिंतीआड. पतपुरवठा, संघटना, प्रयोगशाळा यांचा जो आधार ओतकामाला मिळाला तो इथे फारच तोकडा राहिला. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना मिळून या चपलेसाठी भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातच तयार होणाऱ्या मालाच्या नावाला कायद्याचे संरक्षण, मिळाले : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. दोन राज्यांनी एका चपलेवरचा हक्क वाटून घेतला, हे चांगले झाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला मूळ गावाचा उल्लेख न करता दाखवल्या. तेव्हा हरकत घेताना हेच मानांकन हाताशी होते. कंपनीची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. त्यानुसार २,००० जोड या दोन राज्यांतल्या कारागिरांकडून करून घ्यायचे ठरले. त्यात कापणाऱ्याला किती आणि वेणी घालणारीला किती मिळते, यावर आता लक्ष ठेवायला हवे.