खड्डा खोल नको, ऐसपैस हवा

मराठवाड्यात मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की खडी क्रशरच्या खालच्या अंगाचे ओढे राखाडी होतात. क्रशरची डस्ट, खाणीवरून काढून टाकलेला मुरूम आणि काळी माती एकाच लोंढ्यात खाली येते, शेतात पसरते, विहिरीत उतरते. शेतकऱ्यांनी तक्रार केली की एकच उपाय सुचवला जातो: लोंढ्यातला गाळ बसावा म्हणून खाणीखाली खणलेला गाळाचा खड्डा पोकलेन लावून आणखी खोल करा. खोल पाण्यात गाळ जास्त बसतो ही समजूत इतकी रुळली आहे की ती कुणी तपासत नाही. ती चुकीची आहे, आणि का चुकीची आहे हे समजून घेण्यात फार आनंद आहे.

शांत पाण्यात बारीक कण किती वेगाने खाली जातो, याचं सूत्र भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलं. हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे व्यास निम्मा झाला की वेग चौथाईवर येतो. ०.०२ मिलिमीटरचा दगडी कण एक मीटर खाली जायला साधारण पाऊण तास घेतो. ०.०१ मिलिमीटरच्या कणाला तीन तास लागतात, आणि ०.००१ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला जवळजवळ १३ दिवस.

आता खड्डा दुप्पट खोल केला असं धरा. पाणी त्यात दुप्पट वेळ थांबेल, हे खरं. पण कणाला तळ गाठायला अंतरही दुप्पट कापावं लागेल. हिशेबात खोली वर एकदा येते, खाली एकदा येते आणि उडून जाते. उरतात दोनच गोष्टी: सेकंदाला आत येणारं पाणी आणि पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की एक वेग मिळतो. त्याहून जलद बसणारे कण खड्ड्यात राहतात, सावकाश बसणाऱ्यांपैकी बरेच सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेने, निघून जातात. अमेरिकन अभियंते ॲलन हेझन यांनी १९०४ मध्ये हे दाखवून दिलं.

आकडे घालून पाहू. एक हेक्टर उघड्या कातळावर तासाला ३६ मिलिमीटर वेगाने सर कोसळली आणि सगळं पाणी वाहिलं, तर सेकंदाला १०० लिटर लोंढा येतो. ०.०२ मिलिमीटरचे कण अडवायला सुमारे पावणेतीन गुंठे पृष्ठभाग लागतो, ०.०१ मिलिमीटरचे अडवायला ११ गुंठे. खोली लागते ती साठलेल्या गाळाला जागा मिळावी आणि तळ पुन्हा ढवळला जाऊ नये म्हणून. पाणी शिरण्याची जागा आणि सांडवा शेजारीशेजारी असतील तर मात्र पाणी जवळच्या वाटेने निघून जातं आणि निम्मा खड्डा वाया जातो.

इतकी जागा नसेल तर हिशेबातली दुसरी बाजू धरावी, येणारं पाणीच कमी करावं. खाणीच्या वरच्या अंगाला आडवा चर काढून टेकडीवरचं स्वच्छ पाणी बाजूने ओढ्यात सोडलं की ते खाणीतल्या डस्टला शिवतच नाही. खर्चाच्या मानाने याइतका गुणकारी उपाय मला तरी दिसत नाही.

खड्ड्याचा बांध टिकावा म्हणून त्यावर नारळ फोडला जातो. पण मातीचा बांध बहुतेक वेळा फुटतो तो पाणी माथ्यावरून गेल्यामुळे, आणि ते फक्त पुरेसा रुंद, दगड बसवून पिचिंग केलेला सांडवाच रोखतो.

काळ्या मातीचे कण यातल्या कुठल्याच खड्ड्याला दाद देत नाहीत. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर ढकलतात आणि गढूळपणा टिकून राहतो. तुरटीतलं ॲल्युमिनियम हा भार मारतं, कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि बसतात. पण अख्ख्या लोंढ्याला तुरटी घालणं महाग पडतं. म्हणून खाण उघडतानाच वरची काळी माती मुरुमापासून वेगळी काढावी, पाण्याच्या वाटेपासून दूर तिचा बसका ढीग करावा, पायथ्याला अनगड दगडांची ताल, म्हणजे बुटका बांध, घालावी आणि पाऊस लागताच ढिगावर हुलगा किंवा मारवेल गवत लावावं. खाण संपल्यावर खोदकामात उरलेल्या पायऱ्या झाकायला हीच माती लागते, आणि तेव्हा ती विकत आणायला गेलं तर जवळपासच्या कुणाच्या तरी शेतातूनच उचलावी लागते.