पार्श्वभूमी : सैनिकांची स्मारके आणि ‘शहीद’ हा शब्द

कोल्हापूरच्या आसपासच्या खेड्यांत देवळाच्या भिंतीला टेकवलेला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मृतिदगड, हमखास सापडतो. तेल पिऊन काळा पडलेला, कुठे कुठे शेंदूर फासलेला. खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर, वर झुंज, त्याच्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत आणि सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. माथ्यावर चंद्रसूर्य. मध्ययुगातल्या शिलाहार राजांच्या काळातही ही रीत होती. बहुतेक दगडांवर एक अक्षरही नाही. वीर कोण ते गावाला ठाऊक होते.

पहिल्या महायुद्धानंतर मात्र स्मारक गावाच्या हातून सरकारच्या हाती गेले. पश्चिम महाराष्ट्रात काही गावांत त्या वेळच्या संगमरवरी पाट्या आजही आहेत. मजकूर साधारण एकच : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे दोन, नाव एकही नाही.

मराठा पलटणींची मोठी हानी झाली ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. तुर्कांनी घातलेल्या कूट शहराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला कूट पडले आणि कैद झालेल्यांपैकी कित्येक जण वाळवंटातल्या पायपिटीत गेले. ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही अशा ४० हजारांहून अधिक जणांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक उभे राहिले. त्यावर गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे आली, हिंदी शिपायांची पलटणीगणिक फक्त संख्या. हुद्दा, वंश, धर्म यांवरून मृतांत भेद करायचा नाही, असे कबरींची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाचे लेखी तत्त्व होते. फ्रान्समध्ये न्यू शापेलच्या स्मारकावर ते पाळलेही गेले, तिथे शिपायांची नावे आहेत. बसऱ्याला ते का पाळले नाही याची कबुली यायला एप्रिल २०२१ उजाडले. तेव्हा आलेल्या आयोगाच्याच अहवालाने पूर्वग्रह हे कारण मान्य केले.

यातली एक गोष्ट मला फार लागते. मेलेल्या सैनिकाच्या घरी तेव्हा तळहातापेक्षा थोडी मोठी काशाची गोल चकती पाठवत. तिच्यावर सिंह, ब्रिटानिया आणि चौकटीत त्या माणसाचे नाव. मरणात सगळे सारखे म्हणून त्यावर हुद्दासुद्धा घालत नसत. म्हणजे साच्यात ओतण्यासाठी शिपायाचे नाव हाताशी होते, भिंतीवर कोरण्यासाठी नव्हते.

दिल्लीच्या इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धातल्या सगळ्या हिंदी शिपायांची नावे आहेत, असा एक गैरसमज आहे. तिथली तेरा हजारांवर नावे मुख्यतः वायव्य सरहद्द आणि १९१९ च्या अफगाण युद्धातली आहेत. कूटचा मराठा तिथे शोधून उपयोग नाही. स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांची नावे एकत्र कोरली गेली ती २५ फेब्रुवारी २०१९ ला खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, ‘त्यागचक्र’ या भिंतींच्या वर्तुळातल्या ग्रॅनाइटवर. त्या वेळी ती २५,९४२ होती. १९७२ पासून इंडिया गेटखाली तेवणारी ज्योत जानेवारी २०२२ मध्ये या युद्ध स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली गेली, आणि त्यावरून वादही झाला.

खरा गुंता शब्दाचा आहे. ‘शहीद’ अरबी, मूळ अर्थ साक्षीदार. ‘हुतात्मा’ भाषाशुद्धीच्या चळवळीने रुळवला, ज्याने स्वतःची आहुती दिली तो. आपल्या भागात हा शब्द आधी सैनिकाला नव्हे, चळवळीतल्या माणसाला लागला. ‘चले जाव’ चळवळीत डिसेंबर १९४२ मध्ये गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेले सात जण हुतात्मेच म्हटले जातात, संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेलेही. सैनिकाला ‘शहीद’ म्हणणे आता सगळ्यांच्या तोंडी आहे, पण सेनादलांच्या कागदोपत्री असा शब्दच नाही. सरकारने २०१५ मध्ये संसदेत तसे सांगितले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये लष्कराच्या मुख्यालयाने पत्र काढून हा शब्द टाळायला सांगितले.

कागदावर चालतात दोन वर्ग : ‘बॅटल कॅज्युअल्टी’ आणि ‘फिजिकल कॅज्युअल्टी’. शत्रूच्या गोळीने किंवा जाहीर केलेल्या मोहिमेत गेला तर पहिला, इतरत्र अपघाताने वा आजाराने गेला तर दुसरा. पहिल्या वर्गात पत्नीला शेवटच्या पगाराइतके निवृत्तिवेतन मिळते, दुसऱ्यात त्याहून कमी. हा भेद करावा लागतो हे समजते. पण घरच्यांना तो फॉर्मवरच्या एका शब्दातून कळतो, हे क्रूर आहे.

पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसे धाडणाऱ्या शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावापुढे ‘सैनिक’ लागले ते कायमचे. कारगिलनंतर जिल्ह्यात कमानी, चौथरे आणि चौकांना दिलेली नावे वाढत गेली. पोरगा सीमेवर गेला की रस्त्यावरच्या अपघातात, गाव हे वर्ग पाहत बसत नाही. पाटीवर ‘शहीद जवान’ असे लिहिते आणि त्याखाली पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.