खानावळ, गिरणगावातील

खानावळ, गिरणगावातील : मुंबईच्या कापडगिरण्यांभोवतीच्या वस्तीत (परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी इ.) एकट्याने राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या बोलीने दोन वेळचे जेवण देणारी घरगुती व्यवस्था. ती बहुतांशी बायकाच चालवीत. संप, टाळेबंदी आणि मंदीच्या काळात तिने मदतसंस्थेचे काम केले. येथे तिचा विचार मुख्यतः त्या अंगाने केला आहे.

शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. ‘खाना’ या फार्सी-हिंदी वळणाच्या शब्दापासून तो आला असे मानणारे ‘खानावळ’ लिहितात. ‘खाणे’पासून मानणारे ‘खाणावळ’. दळणावळ, धुणावळ, शिवणावळ, घडणावळ या शब्दांत ‘-आवळ’ प्रत्यय कामाचा मोबदला दाखवतो. तसे पाहता खाणावळ म्हणजे मुळात जेवणाचे पैसे आणि ते घेणाऱ्या घराला तेच नाव पुढे पडले असावे. ‘जेवणावळ’शी नाते जोडून पंगतीचा अर्थ लावणारेही आहेत, पण मोबदल्याचा अर्थ अधिक सरळ वाटतो. आज ‘न’चे रूप रूढ आहे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागांतून आलेले पुरुष बायकामुले गावी ठेवून गावकरी मंडळाच्या (एकाच गावच्या लोकांच्या गटाच्या) खोलीत पाळीपाळीने झोपत. चूल नसलेल्या या माणसांसाठी खानावळी निघाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचा जम बसला असावा. जेवणाऱ्याला ‘मेंबर’ म्हणत. गैरहजेरीचा ‘खाडा’ वहीत मांडला जाई आणि हिशेब पगाराच्या दिवशी पुरा होई.

म्हणजे आधी जेवण, मग पैसे. महिन्याची उधारी व्यवहारात मुळातच होती. संपात ती फक्त लांबत गेली. बाई मेंबराला, वाणी बाईला अशी ही साखळी, आणि तिचे शेवटचे टोक सावकाराच्या हाती. रविवारचे मटण आधी बंद होई, मग आमटी पातळ होई, पण ताट बंद होत नसे. भांडी नि दागिने मात्र गहाण पडत. काही अभ्यासक यात गावकीचा जिव्हाळा पाहतात, तर काही व्यापारी हिशेब: मेंबर तोडला तर त्याची मागची बाकीही बुडते. वहीवर चालणाऱ्या व्यवहाराला दुसरे मत अधिक लागू पडते. गाववाला उपाशी ठेवून गावात तोंड दाखवणे अवघड, हेही खरेच.

१९७३-७४ च्या ४२ दिवसांच्या संपात हा बोजा बायकांना असह्य झाला. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. स्थापनेचे वर्ष कुठे १९७३, कुठे १९७५ दिले जाते. संपानंतरचे म्हणून १९७५ ग्राह्य धरावे. सुरुवातीला १४ जणींना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १,५०० रुपये कर्ज मिळाले. राष्ट्रीयीकृत बँकांच्या विभेदक व्याजदर योजनेत (गरिबांना सवलतीच्या व्याजाने कर्ज देणाऱ्या) दर वर्षाला ४ टक्के होता आणि १,५०० ही खेळत्या भांडवलाची मर्यादा होती. तारणाला काही नसल्याने बायकांचे गट करून एकमेकींची हमी घेण्यात आली. देणगी गोळा करून धान्य वाटण्याचा रूढ मार्ग मंडळाने घेतला नाही. जी बाई आधीच जेवू घालत होती, तिचे भांडवल स्वस्त केले.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. बेचाळीस दिवसांची उधारी निभावता येते, वर्षाची नाही. शिवाय मेंबरच गावी परतले, त्यामुळे वहीतली बाकी वसूल होण्याची आशाही गेली. गिरण्या बंद पडत गेल्यावर काही बायका कचेऱ्यांचे डबे, कँटीनची कंत्राटे आणि पोळी-भाजी केंद्रांकडे वळल्या.