बंद पडलेलं प्रोटीन परत चालू करता येईल का?

गर्भपिशवीचा कॅन्सर म्हटलं की डॉक्टर बऱ्याचदा धीर देतात, लवकर सापडतो, पिशवी काढली की बहुतेक बायका बऱ्या होतात वगैरे, आणि ते खरंही आहे. पण याच पिशवीच्या अस्तरात सिरस नावाचा एक प्रकार होतो, 100 केसेसमध्ये जेमतेम 10, आणि या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत मात्र त्याचा वाटा 40 टक्क्यांच्या आसपास. बहुतेक पाळी गेलेल्या बायकांना होतो आणि पसरतो पण लवकर, कधीकधी गाठ पिशवीत अगदी लहान असतानाच पोटात पोचलेला असतो.

बायोप्सीच्या रिपोर्टवर एक ओळ असते, पी53 या प्रोटीनची. पॅथॉलॉजिस्ट तुकड्यावर रंग टाकून बघतात. नॉर्मल असेल तर काही पेशी फिक्या, काही गडद, असा विस्कळीत तपकिरी रंग येतो. सिरसमध्ये मात्र एकतर झाडून सगळ्या पेशी गडद तपकिरी, नाहीतर एकही नाही! दोन्हीचा अर्थ एकच, जीन बिघडलंय. या प्रकारात दहापैकी नऊ गाठींत हे सापडतं. पी53 चं काम पेशीला डीएनए तुटला असेल तर थांबवणं, आणि दुरुस्ती होत नसेल तर मारून टाकणं. 1979 मध्ये ते सापडलं तेव्हा सुरुवातीची दहाएक वर्षं लोक त्यालाच कॅन्सर करणारं समजत होते, गंमतच आहे.

आता अडचण अशी की आपली बहुतेक टार्गेटेड औषधं, म्हणजे ठराविक प्रोटीनवर नेम धरणारी, काहीतरी बंद करणारी आहेत. कर्कश वाजणारा स्पीकर बंद करायला वायर ओढली की झालं, पण मुका झालेला स्पीकर वाजवायचा तर आत हात घालावा लागतो. म्हणून मग आडवाट काढली. पी53 नसलेली पेशी डीएनए तपासायला वी1 नावाच्या दुसऱ्या प्रोटीनवर जास्त अवलंबून राहते, तेही बंद केलं तर ती तुटका डीएनए घेऊनच विभाजनाला लागते आणि मरते. वी1 बंद करणाऱ्या अॅडाव्होसर्टिब या गोळीची सिरसच्या 34 बायकांवर चाचणी झाली, 2021 मध्ये निकाल छापला, 10 जणींची गाठ बऱ्यापैकी आक्रसली. आधी केमो होऊन गेलेल्यांमध्ये हे कमी नाही. पण साइड इफेक्ट्स जड होते आणि पुढे कंपनीने ते औषध सोडलं, आता दुसरी वी1 औषधं तपासतायत.

मला स्वतःला जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते पीपी2ए नावाचं प्रोटीन. किनेज नावाची एन्झाइम्स प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवून वाढीचे सिग्नल चालू करतात, पीपी2ए ते फॉस्फेट काढून टाकतं. हे तीन भागांचं असतं आणि त्यातला एक भाग म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराचा सांगाडा, बाकीचे दोन त्यावर बसतात. सिरसमध्ये वेगवेगळ्या पाहण्यांत साधारण 20 ते 40 टक्के गाठींत या सांगाड्याचं जीन बिघडलेलं दिसतं, आणि बिघाडही पुन्हापुन्हा ठराविक जागीच, उदाहरणार्थ 179 नंबरच्या जागी प्रोलीन हवं तिथे आर्जिनिन. एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनच्या साखळीतला एक मणी, बदललं की सांगाड्याचा आकार बिघडतो आणि बाकीचे भाग त्यावर नीट बसत नाहीत.

म्हणजे इथे प्रोटीन गायब नाहीये, फक्त नीट जुळत नाहीये, आणि जुळवणारं औषध सापडलं तेही भलत्याच कपाटात. मानसिक आजारांवरची फिनोथायाझिन गटातली जुनी औषधं पीपी2ए जागं करतात असं दिसलं होतं. पण कॅन्सरसाठी लागेल तेवढा डोस दिला तर मेंदूवरचा परिणाम सोसवणार नाही, मग अमेरिकेतल्या संशोधकांनी त्या रेणूंत फेरफार करून मेंदूवरचं काम काढून टाकलं आणि पीपी2ए वरचं तेवढं ठेवलं. या नव्या रेणूंना स्मॅप म्हणतात. 179 वाला बिघाड असलेल्या गर्भपिशवीच्या कॅन्सर पेशी उंदरांत वाढवून स्मॅप दिलं तर पीपी2ए परत कामाला लागलं आणि गाठींची वाढ बरीच रोखली गेली, हे 2019 चं काम. अर्थात उंदीर तो उंदीर, त्याच्या पाठीवरची गाठ आणि साठीच्या बाईच्या पोटात पसरलेला कॅन्सर यात बराच फरक आहे, आणि पीपी2ए शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत काम करत असल्यामुळे ते सगळीकडेच जास्त चालू झालं तर काय, हेही बघावंच लागेल.