२५ जंप झाल्या म्हणजे लायसन्स मिळालं असं नसतं: यूएसपीए ‘ए’ लायसन्सची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

स्कायडायव्हिंगमध्ये टँडम जंप (इन्स्ट्रक्टरला बांधून मारलेली उडी) करून खाली उतरलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत दोनच गोष्टी विचारतो, व्हिडिओ कधी मिळणार आणि मला एकट्याला कधी मारता येईल. व्हिडिओचं काउंटरवर विचारा. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे ए लायसन्स, म्हणजे एकट्याने जंप करायचं पहिलं लायसन्स, आणि त्याबद्दल ड्रॉपझोनवर (जंप करायच्या जागेवर) इतकं अर्धवट ऐकायला मिळतं की म्हटलं एकदा बसून लिहूनच टाकू. मी लिहितोय ते युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या, म्हणजे यूएसपीएच्या लायसन्सबद्दल, कारण ते बाहेरच्या बऱ्याच ड्रॉपझोनवरही चालतं. दुसऱ्या देशाच्या संघटनेकडून करणार असाल तर आकडे वेगळे असतील, तिथलं तिथे विचारून घ्या.

आता मुद्द्याचं. २५ जंप ही फक्त कमीत कमी अट आहे, खरं लायसन्स प्रोफिशियन्सी कार्डावरच्या, म्हणजे शिकलेल्या प्रत्येक स्किलची नोंद होते त्या कार्डावरच्या सह्यांमध्ये असतं. माझ्याबरोबर शिकणाऱ्यांपैकी कुणाचं २५ ला झालं, कुणाचं ४० ला, आणि ४० वाला कच्चा होता असं अजिबात नाही, त्याचं फक्त पॅकिंग (पॅराशूट घडी करून बॅगेत भरणं) राहिलं होतं आणि ते तो दर शनिवारी पुढे ढकलत होता.

पात्रता

वय १८ पूर्ण पाहिजे, आणि सरकारी फोटो आयडी दाखवायला लागतो. आईवडिलांची परवानगी आणली तर चालेल का असं विचारणारे भेटतात, नाही चालत. यूएसपीएची मेंबरशिप चालू पाहिजे. त्या मेंबरशिपमध्ये एक थर्ड पार्टी इन्शुरन्स येतो, म्हणजे तुम्ही कुणाच्या गाडीवर उतरलात किंवा दुसऱ्या कुणाला इजा केलीत तर त्यासाठी, तुमचा स्वतःचा पाय मोडला तर त्यातून काही मिळत नाही, तो दवाखान्याचा खर्च तुमचा तुम्हाला. हे वाक्य दोनदा वाचा कारण फॉर्म भरताना कुणी वाचत नाही.

तब्येतीचं प्रकरण तसं सोपं आहे. विमानचालकांचं मेडिकल सर्टिफिकेट असेल तर ते चालतं, नाहीतर डॉक्टरकडून ‘जंप करायला फिट आहे’ असं पत्र, नाहीतर यूएसपीएचं छापील मेडिकल स्टेटमेंट भरून सही. बहुतेक लोक तिसरा मार्ग घेतात, पण म्हणून तिथे खोटं लिहू नका. खांदा आधी निखळला असेल तर सांगाच, कारण पडताना हात वाऱ्यात पसरलेले असतात आणि तोच खांदा वर परत निखळला तर पॅराशूट उघडायच्या हँडलपर्यंत हात जाणार कसा. सर्दीने नाक गच्च असेल त्या दिवशी खालीच बसा, उतरताना कान आणि सायनस असे ठणकतात की विचारू नका. स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर मध्ये २४ तास जाऊ द्या.

वजनाची मर्यादा प्रत्येक ड्रॉपझोनची वेगळी, त्यांच्याकडे कुठल्या साइजचे स्टुडंट कॅनोपी (पॅराशूटचं कापडी छत) आहेत त्यावर अवलंबून. आधी फोन करून विचारा आणि खरं वजन सांगा, लाजून पाच किलो कमी सांगितले तर कॅनोपी लहान मिळेल आणि जमीन जास्त वेगाने येईल.

कागदपत्रं

पहिल्या दिवशी वेव्हरचा, म्हणजे धोका मान्य करून दावा सोडल्याच्या कागदांचा गठ्ठा हातात येतो, पानापानावर इनिशियल्स, काही ठिकाणी ते वाचताना व्हिडिओसुद्धा काढतात. घाबरवायला नाही, तुम्हाला धोका कळला होता याचा तो पुरावा असतो. त्याशिवाय आयडी, मेंबरशिप आणि मेडिकल, इतकंच. पुढे मात्र सगळा खेळ लॉगबुकवर (जंपच्या नोंदवहीवर) असतो आणि लोकांची गाडी इथेच अडते.

लॉगबुकमध्ये प्रत्येक जंपला हे हवं: जंप नंबर, तारीख, जागा, किती उंचीवरून बाहेर पडलात, फ्रीफॉल (पॅराशूट उघडेपर्यंतचं पडणं) किती सेकंद, कुठल्या प्रकारची जंप, टार्गेटपासून किती लांब उतरलात, कुठलं गियर वापरलं, आणि सही. क्रमाने आणि वाचता येईल अशा अक्षरात. साधी जंप दुसरा लायसन्सवाला जंपर किंवा पायलट सही करू शकतो, त्याने ती बघितलेली असली म्हणजे झालं, पण स्किलची अट पूर्ण झाली असं दाखवायचं असेल तर इन्स्ट्रक्टर किंवा त्याच्या वरचाच माणूस लागतो.

माझंच सांगतो. फिरायला गेलो होतो तिकडे एका ड्रॉपझोनवर चार जंप केल्या, संध्याकाळी शेवटचा लोड (विमानाची खेप) उतरला, सगळे निवांत बसले, आणि मी ‘सही उद्या घेऊ’ म्हणून झोपलो. उद्या ढग होते, तो इन्स्ट्रक्टर आलाच नाही. परत आल्यावर आमच्या इन्स्ट्रक्टरने लॉगबुकवर बोट फिरवत फिरवत १७ नंबरवर थांबवलं, वर बघितलं, आणि नुसतं विचारलं, हे कोणी बघितलं? त्या चार सह्यांसाठी मला मेल करत तीन आठवडे गेले. चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून कॅनोपी खांद्यावरून खाली ठेवायच्या आधी पेन काढतो.

कार्डावर नक्की काय असतं

ट्रेनिंग ए ते एच अशा आठ कॅटेगरीत चालतं. सुरुवात एएफएफने (अ‍ॅक्सिलरेटेड फ्रीफॉल) करा, म्हणजे दोन इन्स्ट्रक्टर दोन्ही बाजूंनी धरून बरोबर उडी मारतात, किंवा स्टॅटिक लाइनने (विमानाला बांधलेल्या दोरीने पॅराशूट आपोआप उघडतं) करा, शेवटी कार्ड एकच. फ्रीफॉलचा भाग लोकांना सगळ्यात अवघड वाटतो आणि खरं तर तोच सगळ्यात आधी जमतो: दोन्ही बाजूंना पूर्ण गोल वळायचं, बॅकलूप (मागे कोलांटी), बॅरल रोल (आडवं लोळणं), अस्थिर झालात तर पाच सेकंदांत परत पोटावर, दुसऱ्याजवळ जाऊन हळू पकडायचं, आणि ट्रॅकिंग म्हणजे गटापासून आडवं लांब निघून जायचं. कमीत कमी दोघांच्या अशा पाच ग्रुप जंप लागतात.

मग येतात त्या दोन छोट्या जंप, ५,५०० फुटांवरून बाहेर पडून लगेच उघडायचं आणि नंतर तेच ३,५०० वरून. पोरं याला कंटाळवाणी जंप म्हणतात कारण फ्रीफॉल जवळजवळ नाहीच. पण विमानाचं इंजिन खालीच बंद पडलं आणि पायलट ‘आउट’ ओरडला तर तुम्हाला हेच करायचंय, स्थिर व्हायला वेळ घालवायचा नाही. ३,५०० ला दारात उभं राहिलं की खाली झाडांचे शेंडे वेगवेगळे दिसतात, १३,००० ला दिसतो तो नकाशा नाही दिसत, आणि पोटात जे होतं ते पहिल्या जंपलाही झालं नव्हतं.

कॅनोपीचा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, कारण अपघातांचा मोठा वाटा पॅराशूट न उघडल्याने होत नाही, नीट उघडलेल्या चांगल्या कॅनोपीखाली, खाली येऊन चुकीचं वळण घेतल्याने होतो. ब्रेक लावून वळणं, सपाट वळणं, रिअर रायझरने (कॅनोपीला हार्नेसशी जोडणाऱ्या मागच्या पट्ट्यांनी) वळणं, फ्रंट रायझर (तसेच पुढचे पट्टे), आणि रेडिओवर कुणी न सांगता टार्गेटपासून २० मीटरच्या आत पाच लँडिंग. ही पाच लँडिंग सलग लागत नाहीत, मग जीव तोडून मध्यभागी उतरायचा हट्ट कशाला. टार्गेट चुकतंय असं दिसलं तर चुकू द्या, सरळ उतरा, चालत या.

पॅकिंग स्वतःचं स्वतः करून, कुणाची मदत न घेता, त्याच पॅराशूटवर जंप करायची असते. नवीन कापड असेल तर हवा काढता काढता हातातून मासोळीसारखं निसटतं, पहिल्यांदा मला दीड तास लागला आणि बॅगेत घालेपर्यंत घामाने टीशर्ट पिळता आला असता. त्याशिवाय थ्री रिंग (मुख्य पॅराशूट सोडून देता येतं ती कड्यांची जोडणी) सुटी करून परत जोडायची, झिजलेला क्लोजिंग लूप (पॅराशूटची बॅग बंद ठेवणारा दोऱ्याचा फास) बदलायचा, आणि दुसऱ्याचं गियर तपासायचं. हे शेवटचं नीट शिकून घ्या. मागून फ्लॅप उचलून पिन पूर्ण बसलीये का, लूपचे धागे सुटलेत का, एएडी (ठरलेल्या उंचीवर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं यंत्र) चालू आहे का, रिझर्व्हचं (राखीव पॅराशूटचं) सील शाबूत आहे का, मग पुढे येऊन थ्री रिंग, चेस्ट स्ट्रॅप, पायाचे पट्टे, दोन्ही हँडल. वीस सेकंदांचं काम आहे, आणि ‘मी बघतो तुझं’ असं म्हणणारा माणूस अनोळखी ड्रॉपझोनवर पण भेटतो, मला या छंदातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते, कुणाला उगाच चौकशी केली असं वाटत नाही.

ट्रेनिंगभर काही नियम तुमच्या हातात नसतातच: कडक हेल्मेट, दिसेल असा अल्टिमीटर (उंचीमापक), एएडी, आरएसएल (मुख्य पॅराशूट सोडताच रिझर्व्ह उघडणारा पट्टा), आणि वारा ताशी १४ मैलांच्या वर गेला की स्टुडंट जमिनीवर. हँगरमध्ये बसून विंडसॉककडे (वारा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे) बघत अख्खा दिवस जातो कधी कधी. जाऊ द्या. त्या दिवशी पॅकिंगची सही घ्या, स्पॉटिंग (विमानातून कुठे बाहेर पडायचं ते ठरवणं) समजून घ्या, पायलटबरोबर इमर्जन्सीचं बोलून घ्या, कार्डावर हे सगळं आहेच.

शेवटची परीक्षा आणि अर्ज

सगळ्या सह्या झाल्या की लेखी आणि तोंडी परीक्षा. तोंडीला प्रश्न साधे असतात आणि म्हणूनच गोंधळ होतो. ए लायसन्सवाल्याने किती उंचीपर्यंत उघडलंच पाहिजे? ३,००० फूट. स्टुडंटने बिघडलेली कॅनोपी ठेवायची की कट-अवे करायचं (ती सोडून द्यायची) हे कुठपर्यंत ठरवायचं? २,५०० फूट. विचार करून सांगतो असं म्हणायची सोय वर नसते म्हणून ते इथेही पटकन उत्तर मागतात. मग इन्स्ट्रक्टरबरोबर चेक डाइव्ह, त्यात आतापर्यंत केलेलंच परत दाखवायचं असतं, नवीन काही नाही.

चेक डाइव्ह पास झालात की इन्स्ट्रक्टर कार्डावर शेवटची सही आणि अधिकृत शिक्का मारतो, काही ड्रॉपझोनवर तोच शिक्का कपाळावरही मारतात, फोटो काढून घ्या. शिक्का मारलेलं कार्ड काही दिवस तात्पुरतं लायसन्स म्हणून चालतं, पण लोक तेच खिशात घेऊन फिरत राहतात आणि अर्ज पाठवायचा विसरतात. त्याच आठवड्यात कार्डाच्या दोन्ही बाजूंची स्वच्छ प्रत आणि फी यूएसपीएला पाठवा. पाठवायच्या आधी तीन गोष्टी बघा, मेंबरशिप संपली नाहीये ना, एखादा रकाना रिकामा नाहीये ना, आणि लॉगबुकमधल्या तारखा कार्डाशी जुळतायत ना. तारीख जुळली नाही तर परत इन्स्ट्रक्टरला शोधत फिरावं लागतं. लायसन्स नंबर आला की झालं.

मिळाल्यावर काय करता येतं

इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीशिवाय जंप, स्वतःचं मेन पॅराशूट पॅक करणं, आणि साध्या ग्रुप जंप. विंगसूटला (पंखांचा सूट घालून उडायला) २०० जंप लागतात, हेल्मेटवर कॅमेरा लावायलाही आधी २०० करा असंच यूएसपीए सांगते. गियर विकत घेताना विंग लोडिंग १.० च्या वर नको, म्हणजे गियरसकट तुमचं वजन पौंडात आणि कॅनोपी स्क्वेअर फुटांत, पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. रिझर्व्ह दर १८० दिवसांनी सर्टिफाइड रिगरकडून (पॅराशूट तपासून भरणाऱ्या तंत्रज्ञाकडून) रिपॅक, त्याच्या नोंदीचं कार्ड गियरच्या खिशातच असतं, सेकंडहँड घेताना आधी तेच काढून वाचा.

आणि मध्ये गॅप पडला तर: ६० दिवसांत एकही जंप नसेल तर ए लायसन्सवाल्याने परत पहिली जंप इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली करावी. नवीन ड्रॉपझोनवर गेलात की लायसन्स, मेंबरशिप, लॉगबुक आणि रिझर्व्हचं कार्ड हे चार एकाच पाकिटात ठेवा, काउंटरवर ते हेच मागणार, आणि लॉगबुक उघडून शेवटच्या जंपची तारीख आधी बघणार.